मैनेसाठी खुंट

कसबा पेठेत कुणी प्रवासाला जाऊन आलं की प्रश्न ठरलेले असतात. जेवणाची सोय कशी होती, खोली स्वच्छ होती का, आणि आम्हाला का नाही सांगितलंत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देऊन टाकली. तिसऱ्याचं उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि बबनराव. मी चित्रकलेचा शिक्षक, आता निवृत्त. बबनराव विश्रांतवाडीचे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हापासूनची ओळख, आणि तेव्हापासून ते मला 'सर' म्हणतात आणि मी त्यांना 'अहो'. त्यांची जमीन गेली, इमारती आल्या, घरची शेवटची गाय मैना गेली आणि गोठा रिकामा राहिला. त्या गोठ्यात या गृहस्थांनी सात वर्षं खपून शिडाची बोट तयार केली. लाकूड, फायबर, पुस्तकं आणि हट्ट. विश्रांतवाडीतून बोट ट्रकवर चढली तेव्हा अख्खी आळी बघायला जमली होती आणि माझ्यासकट सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बोटीचं नाव अर्थातच 'मैना'. पुढे बारा वर्षं ती मांडव्याला राहिली आणि सुटीच्या दिवशी मीही तिच्यावर दोर ओढायला जाऊ लागलो.

गेल्या दिवाळीत बबनराव म्हणाले, "सर, डोळ्याचं प्रेशर वाढलंय. काचबिंदू म्हनतात. डॉक्टर म्हनले, गेलेली नजर परत येत न्हाई, हाय तेवढी टिकवू." मग म्हणाले, "मांडव्यात तिचं बघनारा मानूस बी गावी गेला. मला तिला ताडपत्रीखाली टाकून जायचं न्हाई. एकदा किनाऱ्यानं खाली जाऊ. कुठं तिला नीट ठेवून घेनारं कोन भेटलं, तर तिथं ठेवू."

एवढंच काम होतं. डोळे आहेत तोवर बोटीला जागा शोधायची.

मांडवा ते रेवदंडा, माघ पौर्णिमा

मांडव्याला हौशी बोटींची ठीक सोय आहे. तरंगता धक्का आहे, पांढऱ्याशुभ्र बोटी रांगेत उभ्या असतात, आणि त्यांच्यावर उन्हाळी चष्मे घालून माणसं बसलेली असतात. किनाऱ्यानं दक्षिणेला निघालात की हे सगळं संपतं. पुढे बंदरं आहेत, पण ती मासेमारीची. मौजेसाठी बोट घेऊन कुणी येतं ही कल्पनाच तिथे नाही.

सकाळी मतलई वाऱ्यावर निघालो. जमिनीवरून येणारा हा वारा दहापर्यंत टिकतो, मग तासभर सगळं गप्प, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. भूगोलाच्या पुस्तकात हे मी पाठ केलं होतं. पाठीवर घेतलं ते साठी उलटल्यावर.

बबनराव सुकाणूवर. मी पुढे, नाळीजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी. त्यांनी मला एक काम लावून दिलं होतं.

"सर, काय काय दिसतं त्ये सांगत ऱ्हावा. नुसतं किल्ला हाय म्हनू नका. चित्र काढल्यागत सांगा."

मला काय, आयुष्यभर तेच केलेलं. डावीकडे कुलाब्याचा किल्ला, तटाचा रंग ओल्या गुळासारखा, पायथ्याशी पाण्याची पांढरी रेघ, उजवीकडे दोन मचवे, एकाचं शीड ठिगळाचं. बबनराव मान डोलवायचे आणि सुकाणू बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचे. मला वाटलं, गडी शेवटचं डोळ्यांत साठवून घेतोय. मी आणखी रंगवून सांगू लागलो.

रेवदंड्याच्या खाडीत शिरलो तेव्हा धक्क्यावर कागदपत्रं तपासणारे एक गृहस्थ भेटले. फॉर्म काढला. "मासेमारी की प्रवासी?"

"दोन्ही नाही," मी म्हणालो.

"मग कशासाठी?"

बबनराव म्हणाले, "फिरायला."

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यात फिरायचा रकाना नव्हता. शेवटी 'इतर' लिहिलं आणि मासे उतरवून झाले की एका कडेला नांगर टाकायची परवानगी दिली. माणूस वाईट नव्हता. चहाही पाजला. पण बोट कायमची ठेवायचं विचारल्यावर म्हणाला, "अहो, इथे आमच्याच बोटी एकमेकींच्या अंगावर आहेत." ते दिसतच होतं.

रात्री एका घरी उतरलो. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. बबनरावांच्या सौभाग्यवतींनी बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता, तो त्या घरच्या बाईंनी चाखला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "एवढं तिखट खाऊन तुम्ही बोलता गोड कसे?" बबनराव म्हणाले, "म्या गोड बोलतो. सर पेठेतले हायत."

राजपुरी, वद्य प्रतिपदा

भरती-ओहोटीच्या वेळांचं छापील पुस्तक बोटीवर होतं, बबनरावांच्या कप्प्यात. पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पुस्तक कशाला? तिथीची पाऊणपट करा. द्वितीया म्हंजी दीड वाजता भरती, चतुर्थी म्हंजी तीन. कोळी लोक आसंच काढतात. तुमी तर पंचांगवाली मानसं."

मला फारच आवडलं हे. पंचांग माझ्या पिशवीत असतंच. त्यावरून घरात थट्टा होते, होवो. पौर्णिमेला जमलं, प्रतिपदेला पाऊणला भरती म्हणालो ती पाऊणलाच आली. आमच्या पेठेत नळाला पाणी दोनदा येतं, समुद्रालाही दोनदाच येतं, फरक एवढाच की समुद्राच्या पाण्याची वेळ तक्रार न करता कळते. मी हे बबनरावांना ऐकवलं. ते हसले. मी फुशारलो.

राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याच्या सावलीत नांगर टाकला. नांगर टाकायला याहून देखणी जागा मी पाहिलेली नाही. तीन बाजूंनी डोंगर, पाणी स्थिर, आणि समोर तो काळा तट. पण पर्यटकांच्या होड्या इतक्या जवळून जातात की 'मैना' सारखी डोलत होती. एका होडीतून कुणी ओरडलं, "काका, राउंड मारता का? कितीला?" बबनरावांनी मान दुसरीकडे वळवली. संध्याकाळी म्हणाले, "इथं न्हाई, सर. इथं ती भाड्यानं जाईल."

बाणकोट, द्वितीया

या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. सावित्रीचं मुख रुंद, वारा जोरात, माझं पोट बिघडलं. धक्क्यावर एक निवृत्त खलाशी भेटले. त्यांनी बोटीभोवती चक्कर मारून "काम चांगलं आहे" असा दाखला दिला आणि वर म्हणाले, "पण ठेवून काय करणार? बोट म्हणजे जनावर. रोज बघावं लागतं." बबनरावांचा चेहरा उतरला. जेवताना त्यांचा हात पाण्याच्या भांड्याला लागून भांडं लवंडलं. ते म्हणाले, दमलोय. मीही दमलो होतो, म्हणून मला ते पटलं.

एक लहान खाडी, चतुर्थी

या खाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुण्याच्या माणसाला जागेचं नाव कळलं की तो शनिवारी तिथे पोचतो आणि रविवारी तिथली मिसळ कशी वाईट आहे ते लिहितो.

बाणकोटहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर ती आहे. तोंडाशी वाळूचा बांध साचलेला. भरतीला बोट वरून जाते, ओहोटीला बगळे त्यावरून चालत जातात. त्या वाळूतून आत जायची वाट दाखवायला कोळ्यांनी दोन काठ्या रोवल्या होत्या, एकीवर लाल फडकं, एकीवर निळं.

आम्ही दोनच्या आधीच तिथे पोचलो. बबनराव म्हणाले, "सर, जायचं का आत?"

मी पंचांग काढलं. चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. "अजून तासभर पाणी चढतंय. घाई कशाला? तीनला पूर्ण भरलं की निवांत जाऊ."

"नक्की ना?"

"अहो, पंचांग आहे माझ्याकडे."

मग मी वही काढून डोंगराचं चित्र काढत बसलो. तीन वाजले, चित्र अर्धं होतं, सव्वातीन झाले. भरतीनंतर थोडा वेळ पाणी तसंच राहतं, हे मला ठाऊक होतं. साडेतीनच्या सुमारास आम्ही त्या काठ्यांकडे निघालो.

"लाल काठी कुठं हाय?"

"समोर, जरा उजवीकडे."

"आनि निळी?"

"अहो, ती काय, तुमच्या डावीकडेच!"

तेवढ्यात सुकाणू वाळूला लागलं. मग बोटीचं पोट. इंजिन घुरघुरलं आणि पाण्याऐवजी गढूळ वाळू उडाली. मागून आलेली लाट बोटीच्या कुशीवर आदळली आणि 'मैना' एका अंगावर कलून, धाडकन पुन्हा वाळूवर बसली. काठ्यांपाशी पाणी बाहेरच्या बाजूला धावत होतं. भरती कधीच सरली होती.

प्रत्येक लाटेला बोट उचलली जाई आणि आपटे. सात वर्षं खपून केलेलं लाकूड दर खेपेला करकरत होतं. मी दोर सोडला, दुसराच धरला, चुकीचं शीड उतरवलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. बोट जाईल याला, आणि ती माझ्या पंचांगामुळे जाईल याला.

आतून एक लहान होडी वल्हवत आली. होडीत सत्तरीचा एक माणूस, डोक्याला फडकं. त्यांचं नाव काशिनाथ तांडेल. ते नंतर कळलं. तेव्हा ते फक्त ओरडत होते.

"नांगर द्या माझ्या होडीत! मी नेऊन खोल पाण्यात टाकतो. तुम्ही दोर ओढा. आणि एक जण शिडाच्या आडव्या काठीवर लटका, बोट कलू द्या. कलली की सुटते!"

मी नांगर उचलायला वळलो. बबनराव आधीच तिथे होते. मी बघत राहिलो. नांगराची साखळी, दोराची गाठ, आडवी काठी बाहेर ढकलायची खीळ, एकेका वस्तूवर त्यांचा हात थेट जात होता, आणि मान मात्र वर, आकाशाकडे. ते हातांकडे बघतच नव्हते. मला काठीवर लटकवून त्यांनी एकट्यानं दोर ओढायला घेतला. साठीच्या पुढचा माणूस, हातांची सालं निघेपर्यंत ओढत होता. बोट कलली, आणखी कलली, माझे पाय पाण्याला लागले. मग खालून एक लांब घासल्याचा आवाज आला आणि ती सुटली.

तांडेलांनी आम्हाला ओढत आत नेलं. बबनराव बोटीतलं पाणी उपसत असताना ते मला हळूच म्हणाले, "यांना दिसत नाय ना?"

"थोडं कमी दिसतं," मी म्हणालो.

"थोडं नाय. होडी त्यांच्या बाजूनं आणली, हात हलवला, तरी बोललो तेव्हाच वळले. माझा मोठा भाऊ असाच होता शेवटी. समोरचं नाण्याएवढं दिसायचं, बाजूचं काय नाय."

तीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी नीट बघा, मग काढा. आणि चार दिवस हा माणूस माझ्या तोंडच्या वर्णनावर बोट चालवत होता, हे मला दिसलं नाही. छापील पुस्तक त्यांनी का उघडलं नाही, भांडं का लवंडलं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. माझा संताप झाला. त्यांच्यावर झाला की माझ्यावर, ते आजही सांगता यायचं नाही.

"अरे बबन, सांगायचं नाहीस का मला?" तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडून 'अरे' निघालं.

ते उपसता उपसता थांबले. "सांगितलं असतं तर आला असता का, सर?"

नसतो आलो. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीलाच अर्ध्याच्या वर गेलतं," ते म्हणाले. "घरी बी सगळं सांगितलं न्हाई. वाटलं, तिला जागा लावून दिऊ, मग सांगू. तुमी बोलत होता तोवर मला सगळं दिसत होतं. खोटं न्हाई सांगत."

मी बादली घेतली आणि पाणी उपसू लागलो.

संध्याकाळी तांडेलांच्या ओटीवर मी माझा गुन्हा कबूल केला. पंचांग दाखवलं. चतुर्थी, पाऊणपट, तीन. तांडेलांनी मागचं पान उलटायला लावलं. "काल काय होतं?"

"द्वितीया."

"मग तृतीया कुठे गेली?"

तृतीयेचा क्षय होता. पंचांगात तसं स्वच्छ छापलेलं होतं आणि मी ते सकाळी वाचलंही होतं. उपास-तापासापुरतं.

"काल दीड, तर आज सव्वादोन," तांडेल म्हणाले. "पंचांगात तिथी गळते. पाण्यात नाय गळत. पाणी रोज पाऊणच तास सरकतं." त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, आतून सुकटीची चटणी आणि माझ्यासाठी निराळी कुळथाची पिठी घेऊन येत होत्या. त्या हसल्या. बबनरावही हसले. मला हसू आलं नाही.

ओटीसमोर खाडीच्या चिखलात खुंट रोवलेले होते. तिथे प्रत्येक घराचा आपला खुंट असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. दुसरा कुणी त्याला बोट बांधत नाही. तांडेलांचा खुंट रिकामा होता. मुलं शहरात, मोठी बोट विकली, उरली ती एवढीशी होडी. मी जरा धीर करून विषय काढला. आमच्या बोटीला जागा द्याल का?

"मौजेची बोट?" तांडेलांनी मान हलवली. "नाय. तुम्ही वर्षातून एकदा येणार, फोटो काढणार. रिकामी बोट किडते. मला माझ्या खुंटाला मेलेली बोट नको."

हे बबनरावांना लागलं असेल असं मला वाटलं. पण ते उठून बसले. "म्या येनारच न्हाई," ते म्हणाले. "म्या आता बोट चालवनार न्हाई, दादा. तुमी चालवा. मासे धरा, बाजाराला जावा, काय बी करा. फक्त तिला पान्यावर ठेवा."

तांडेलांनी खुंटाकडे नजर टाकली. यमुनाबाई म्हणाल्या, "पलीकडच्या काठाला माझी बहीण असते. या एवढ्याशा होडीतून मी जात नाय, भिजायला होतं." आणि त्या भाकरी वाढायला आत गेल्या. जेवणानंतर तांडेलांनी बबनरावांना विचारलं, "शीड किती हाताचं आहे?" मी समजलो.

निरोप

दुसऱ्या दिवशी भरतीला 'मैना' त्या खुंटाला बांधली. यमुनाबाईंनी नाळीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बबनराव कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि नाळीपासून सुकाणूपर्यंत बोटीच्या अंगावरून हात फिरवत चालत गेले. वाळूनं खरवडलेल्या जागी थांबले, बोटांनी चाचपलं, तांडेलांना म्हणाले, "इथं एक हात फायबर मारावं लागंल." मग परत पुढून मागे गेले. आम्ही कुणी घाई केली नाही.

ओहोटी लागली तशी बोट हळूहळू खाली बसत गेली आणि दिवस मावळता मावळता चिखलात टेकली. तिथल्या सगळ्या बोटी अशाच दिवसातून दोनदा बसतात आणि दोनदा उठतात. बबनरावांनी हे तांडेलांकडून दोनदा विचारून घेतलं.

एसटीनं स्वारगेटला उतरलो तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षांचे हॉर्न, धक्काबुक्की, "ओ काका, बघून चाला!" असं कुणीतरी खेकसलं. एरवी मी त्याला पेठेतलं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मात्र पुढे काय काय आहे ते सांगत चाललो. खड्डा, पायरी, फळवाल्याची गाडी, संत्री, हिरवट आहेत अजून.

विश्रांतवाडीला त्यांना घरी पोचवलं आणि वहिनींना मीच सगळं सांगितलं. बबनराव पलीकडच्या खोलीत ऐकत होते. त्यांनी मला अडवलं नाही.

परत येऊन पंधरा-वीस दिवस झाले. आता त्यांना घड्याळ दिसत नाही. पंचांग वहिनी वाचून दाखवतात, आणि ते रोज मला फोन करतात. आजही केला.

"सर, आज अष्टमी ना? मधली कुठली गळली-बिळली न्हाई ना?"

मी पान नीट बघितलं. मागचं बघितलं, पुढचं बघितलं. "नाही. सगळ्या आहेत."

"मग सहाला. किती वाजले?"

कसब्यातल्या माझ्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, दुसरं काही दिसत नाही. भिंतीवरचं ऊन पार वर गेलं होतं. घड्याळात सहाला पाच मिनिटं होती.

"वाजतच आले."

"मग आता उठली असंल," बबनराव म्हणाले.

"उठली, बबन," मी म्हणालो. आणि पाणी कुठवर आलंय, खुंटाचा दोर कसा ताठ झालाय, ते सगळं त्याला सांगू लागलो.